ऊन मी म्हणतं तेव्हा…

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने मालेगावकडे निघालं की थोड्याच अंतरावर लळिंगचा किल्ला दिसतो. नवा कॅमेरा घेतल्यावर पहिला फोटो मी त्याचाच काढला. एप्रिल महिना, दुपारचे बारा. फोटोत आभाळ पांढरंफटक आणि तटबंदी कोळशासारखी काळी. मी कॅमेऱ्याला दोष देऊन मोकळा झालो. जळगावात फिल्मच्या काळापासून फोटो काढणारे आमचे एक काका तो फोटो पाहून हसले. "कॅमेरा ऑटोवर होता ना? मग हा फोटो तू काढलाच नाहीस. त्यानं काढला."

तेव्हा राग आला होता, पण कॅमेऱ्याचे मोड शिकायचे म्हणजे काय शिकायचं, हे त्या एका वाक्यात आलं होतं.

आपली नजर काळ्या दगडावरून आभाळाकडे वळते तेव्हा डोळा क्षणात जुळवून घेतो आणि मेंदू दोन्ही दृश्यं नकळत सांधतो. कॅमेऱ्याला ती सोय नाही. एका फोटोसाठी किती उजेड आत घ्यायचा, हे त्याला एकदाच ठरवावं लागतं. ठरवायच्या गोष्टी तीन: ॲपर्चर म्हणजे भिंगातलं छिद्र केवढं, शटर किती वेळ उघडं आणि आयएसओ, म्हणजे उजेडाबाबतची संवेदनशीलता, किती. यातलं काय तुम्ही ठरवायचं आणि काय कॅमेऱ्यावर सोडायचं, याची वाटणी म्हणजे मोड.

ऑटोमध्ये सगळा कारभार कॅमेऱ्याचा. डोंगराच्या चित्राचा लँडस्केप मोडही तसाच. फक्त तो छिद्र लहान ठेवायला बघतो आणि हिरवा-निळा रंग गडद करतो. 'पी' मोडमध्ये छिद्र आणि शटरची जोडी कॅमेरा सुचवतो, चकती फिरवून ती आपल्याला बदलता येते. निसर्गदृश्यासाठी मात्र सवय लावावी ती 'ए' किंवा 'एव्ही' मोडची. आयएसओ १००, ॲपर्चर एफ/८ ते एफ/११. शटर कॅमेरा बघून घेतो. बांधावरच्या बाभळीपासून मागच्या सातपुड्यापर्यंत बरंचसं रेखीव येतं. आणखी रेखीव यावं म्हणून एफ/२२ वर गेलात, तर अतिबारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि चित्र उलट मऊ पडतं.

रावेर-यावलच्या केळीबागांत वारा सुटला, पानं फडफडू लागली, की 'एस' किंवा 'टीव्ही' मोड घ्यावा. त्यात शटर आपलं. १/५०० वर फाटकं पानही जागच्या जागी थांबतं. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर पाच-सहा फोटो जोडून लांबलचक दृश्य करायचं असेल, तर 'एम'. तिन्ही गोष्टी एकदा बांधून टाकायच्या, म्हणजे जोडताना आभाळाच्या पट्ट्या दिसत नाहीत.

उन्हात शिकाऊ माणूस फसतो तो मापनात. कॅमेऱ्याचं मापक समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालतं. जिनिंगच्या आवारातला कापसाचा ढीग चौकटभर घ्या, तो मळकट येईल. नुकतंच वखरलेलं काळं रान घ्या, ते राखाडी होईल. म्हणून 'अधिक-उणे' चिन्हाचं बटण ओळखीचं हवं: कापसाला अधिक एक, काळ्या मातीला उणे एक. उन्हात पडदा नीट दिसत नाही, त्यामुळे चित्रावर भरवसा न ठेवता हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, पाहावा. आलेख उजव्या भिंतीला चिकटला, तर आभाळ गेलं म्हणून समजा. फोटो 'रॉ'मध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, घेतला असेल तर सावलीतलं बरंच नंतर उजळता येतं. जळून पांढरं झालेलं आभाळ सहसा परत येत नाही.

काकांच्या वेळी फिल्मच्या खोक्यावर सूर्य-ढगांची चित्रं असायची. त्यांचा नियम अजूनही चालतो: लख्ख ऊन असेल तर एफ/१६, आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. आयएसओ १०० ला साधारण १/१२५. तेच मोजमाप एफ/८ वर १/५०० होतं. एम मोड शिकायला हा आकडा पुरे.

पण कुठलाही मोड सावली आणून देत नाही. जळगाव-धुळे साधारण २१ अंश अक्षांशावर आहेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि डोंगर सपाट दिसतो. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेला कलतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला भरदुपारीही सहा फुटी माणसाची सावली चार फुटांहून थोडी लांब पडते. धुळे-नंदुरबारकडे बेसाल्टच्या डाइक, म्हणजे जमिनीच्या भेगांत शिलारस थिजून झालेल्या दगडी भिंती, मैलोन् मैल पसरल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच पूर्व-पश्चिम जातात. म्हणजे हिवाळ्याच्या दुपारी दक्षिण बाजू उजळलेली आणि उत्तर बाजू अंधारात. सकाळ-संध्याकाळ ऊन भिंतीला घासून जातं आणि दगड न् दगड वेगळा दिसतो. आभाळ गडद हवं असेल तर भिंगावर पोलरायझर फिल्टर लावून सूर्याच्या काटकोनात उभं राहावं. त्यात एक ते दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेवढा हिशोब धरावा.

याच खान्देशात, चाळीसगावला, केकी मूस (१९१२–१९८९) राहत. आयुष्याचा मोठा काळ ते घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, त्यांवर हवा तसा उजेड सोडून त्यांनी 'टेबलटॉप' छायाचित्रं केली आणि जगभर नाव मिळवलं. रेल्वे स्टेशनजवळच्या त्यांच्या बंगल्यात आता संग्रहालय आहे. तिथून बाहेर उन्हात आलं की जाणवतं, त्या खोलीत उजेड माणसाचं ऐकायचा; इथे तो कुणाचंच ऐकत नाही. आपल्या हाती एवढंच, की आभाळ राखायचं की सावली, आणि उभं कुठे राहायचं.

परवा पुन्हा लळिंगला गेलो. एफ/११, उणे एक, सकाळी साडेसात. तटबंदीच्या दगडांमधले सांधेही दिसत होते. फोटो काकांना दाखवला. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसून पुन्हा पाहू लागले.