पटायाच्या वॉकिंग स्ट्रीटवर एकटी चालताना अस्वस्थ झाले, पण नेमकी कशामुळे?

कोह लार्न बेटावरून सुटलेली संध्याकाळची बोट पटायाच्या बाली हाय धक्क्याला लागली तेव्हा पावणेसात वाजले होते. दिवसभर समुद्रात डुंबून अंग खारट झालं होतं, भूक लागली होती आणि हॉस्टेलवर जायला सोंगथेव, म्हणजे तिकडची शेअर गाडी, पकडायची होती. मॅपने दाखवलेला रस्ता सरळ होता. धक्क्यावरून निघायचं, एक रस्ता संपेपर्यंत चालायचं आणि बीच रोड गाठायचा.

तो एक रस्ता म्हणजे वॉकिंग स्ट्रीट.

दोन्ही बाजूंना लाल-निळ्या पाट्या. बारच्या दारात उंच स्टुलांवर बसलेल्या मुली, काहींच्या कपड्यांवर नंबराचे बिल्ले. प्लॅस्टिकची कार्डं नाचवत शोची तिकिटं विकणारे दलाल. माझ्या वडिलांच्या वयाचे गोरे पुरुष आणि त्यांच्या हातात हात घालून चालणाऱ्या माझ्या वयाच्या मुली.

मला कुणी हात लावला नाही की वाईट बोललं नाही. खरं सांगायचं तर मी तिथं कुणाला दिसतच नव्हते. एकटी बाई म्हणजे गिऱ्हाईक नाही, त्यामुळे दलालांची नजर माझ्यावरून थेट मागच्या माणसावर जायची. मागून एकाने हिंदीत हाक मारली, "भाईसाब, अंदर आओ, सस्ता है." आणि त्यावर उत्तर आलं ते मराठीत.

"अरे थांब, आधी जेवू. आणि फोटो ग्रुपवर टाकू नको रे."

एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले दहा-बारा काका. छातीवर एका बियाणं कंपनीचं नाव. मी वळून बघितलं, तशी त्यांच्यातल्या एकाने मान खाली घातली.

माझ्या बाबांचं तालुक्याच्या गावात कृषी सेवा केंद्र आहे. मी नववीत होते तेव्हा तेही अशाच एका कंपनीच्या डीलर टूरवर बँकॉक-पटायाला आले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. परत आल्यावर मी हा विषय नीट वाचून काढला. पोटात जे ढवळून आलं ते नेमकं कुणामुळे, हे मला समजून घ्यायचं होतं.

मुळात पटाया असं झालं कसं?

१९५० च्या दशकात पटाया हे कोळ्यांचं छोटं गाव होतं. मग व्हिएतनामचं युद्ध पेटलं आणि अमेरिकेने थायलंडमध्ये हवाई तळ वापरायला सुरुवात केली. त्यातला ऊ-तापाओ तळ पटायापासून साधारण ४० किलोमीटरवर. तिथून बी-५२ विमानं बॉम्ब टाकायला जायची. युद्ध भरात असताना थायलंडमध्ये अमेरिकेचे जवळपास ५० हजार सैनिक होते.

१९६७ मध्ये थायलंड सरकार आणि अमेरिकी लष्कर यांच्यात एक करार झाला. व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या सैनिकांना काही दिवसांच्या सुट्टीसाठी थायलंडला आणायचं, असा हा करार. लष्कराच्या भाषेत याला 'रेस्ट अँड रिक्रिएशन' म्हणायचे. खिशात डॉलर असलेली विशी-बाविशीतली पोरं, मरणाच्या दारातून आलेली आणि परत तिथेच जाणारी. त्यांच्यासाठी बार उभे राहिले, मसाज पार्लर उभी राहिली, हॉटेलं उभी राहिली.

१९७६ पर्यंत अमेरिकी सैन्य गेलं. पण हॉटेलं आणि बार तिथंच होते. देशाला परकीय चलन हवं होतं, म्हणून सैनिकांच्या जागी पर्यटक आणायचं धोरण ठरलं. १९८७ हे वर्ष तर 'व्हिजिट थायलंड इयर' म्हणून साजरं झालं. जर्मन, ब्रिटिश, जपानी आले, नंतर रशियन, चिनी आणि आता आपण.

एक गोष्ट इथं सांगायला हवी. देहविक्री थायलंडमध्ये युद्धाच्या आधीही होती आणि तिथला स्थानिक गिऱ्हाईक आजही मोठा आहे. युद्धाने आणि पर्यटनाने तिची बाजारपेठ जगभर नेली.

हे बेकायदा आहे, मग उघड्यावर कसं चालतं?

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. थायलंडमध्ये वेश्याव्यवसायावर १९६० पासून बंदी आहे. पण १९६६ मध्ये मनोरंजनाच्या जागांसाठी वेगळा कायदा आला. त्यात नाचगाण्याच्या जागा, बार, मसाज पार्लर यांना परवाने मिळू लागले. म्हणजे कागदावर तुम्ही चालवता बार. आत येणारं गिऱ्हाईक आणि काम करणारी मुलगी यांच्यात पुढे काय ठरतं, तो त्यांचा खासगी मामला.

'बार फाइन' हा शब्द यातूनच आला. मुलीला बारमधून बाहेर न्यायचं असेल तर गिऱ्हाईकाने बारला ठरावीक रक्कम द्यायची. नावाला ती मुलगी ड्यूटी सोडून गेल्याची भरपाई. याशिवाय 'लेडी ड्रिंक' असतं. गिऱ्हाईकाने मुलीसाठी महागडं पेय घ्यायचं, त्यातला काही वाटा तिला, उरलेला मालकाला. पगार कमी, कमिशनवर भर, आणि उशीर झाला किंवा सुट्टी घेतली की पैसे कापले जातात.

१९९६ मध्ये जुना कायदा बदलला. नव्या कायद्याने अल्पवयीन मुलांच्या बाबतीत शिक्षा कडक केली. १५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींकडे जाणाऱ्या गिऱ्हाईकाला १ ते ३ वर्षं तुरुंगवास आणि दंड, १५ किंवा त्याहून कमी वय असेल तर २ ते ६ वर्षं. मुलीची संमती होती, ही सबब चालत नाही.

सज्ञान बायकांसाठी मात्र हे काम आजही गुन्ह्यात मोडतं. त्यामुळे मालकाने पैसे बुडवले किंवा गिऱ्हाईकाने मारहाण केली, तर पोलिसांकडे जाताना आधी तिलाच भीती वाटते. बंदीचा सगळ्यात जास्त त्रास होतो तो तिला. म्हणूनच हे काम गुन्ह्याच्या यादीतून काढावं, अशी मागणी तिथं होते आहे.

त्या स्टुलावर बसलेली मुलगी तिथं येते कशी?

पटाया-बँकॉकच्या बारमधल्या बऱ्याच मुली इसान भागातून येतात. इसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग. पावसावर अवलंबून भातशेती, डोक्यावर कर्ज, कामासाठी शहरात गेलेली तरुण पिढी आणि गावात म्हातारी माणसं नि लहान पोरं. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. तिथं आई-वडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलीवर मोठी असते. फॅक्टरीत किंवा दुसऱ्याच्या घरी कामाला राहून जेवढं मिळतं, त्यापेक्षा बारमध्ये जास्त मिळतं. त्या पैशातून गावाकडचं कर्ज फिटतं, भावाचं शिक्षण होतं, सिमेंटचं घर उभं राहतं.

मग ही मुलगी बळी म्हणायची की कामगार?

एम्पॉवर ही संस्था १९८० च्या दशकात बँकॉकच्या पटपाँग भागात सुरू झाली. या संस्थेतल्या बायका म्हणतात, आम्हाला कीव नको, कामगारांचे हक्क हवेत. २००६ मध्ये त्यांनी चियांग माईमध्ये 'कॅन डू' नावाचा स्वतःचा बार काढला. तिथं पगारी सुट्टी आणि सामाजिक सुरक्षा आहे, पगारकपात नाही. आपलं काम कसं असायला हवं हे त्यांनी करून दाखवलं.

आता दुसरी बाजू. १९८४ मध्ये फुकेतमधल्या एका कुंटणखान्याला आग लागली. आत कोंडून ठेवलेल्या पाच मुलींचे जळालेले मृतदेह सापडले. कर्जात अडकवून, कागदपत्रं काढून घेऊन आणलेल्या मुली, म्यानमार-लाओसमधून फसवून आणलेली अल्पवयीन पोरं, हेही याच धंद्याचं वास्तव आहे. पर्यटनातल्या बाललैंगिक शोषणाविरुद्ध लढणाऱ्या 'एकपॅट'ची सुरुवात १९९० मध्ये थायलंडमध्येच झाली.

रस्त्यावरून जाणाऱ्या माझ्यासारखीला यातलं काय खरं, ते बघून कळत नाही. हसणारी मुलगी स्वतःच्या मर्जीने आलेली असेल, किंवा ते हसणं हा तिच्या ड्यूटीचा भाग असेल. मला त्या रात्री सगळ्यात जास्त याचाच त्रास झाला. मी तिच्याकडे बघत होते, मनात तिच्याबद्दल मत बनवत होते आणि मला तिच्याबद्दल काहीही माहीत नव्हतं. गिऱ्हाईकांबद्दल मात्र एवढं तरी नक्की सांगता येत होतं की ते पैसे आणि पर्याय दोन्ही हातात असताना तिथं आले होते.

आणि आपण?

'बँकॉकला चाललास? एकटाच?' आणि मग एक डोळा मिचकावणं. हा विनोद आपल्या प्रत्येक ग्रुपवर असतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या एका पन्नाशीतल्या प्रवाशाला मुंबई विमानतळावर पकडलं होतं. बँकॉकच्या फेऱ्या घरच्यांना कळू नयेत म्हणून त्याने पासपोर्टची पानं फाडली होती. त्या बातमीवर आपण पोट धरून हसलो, मीम बनवले. त्या मीममध्ये नवरा होता, बायको होती, पण तिकडची मुलगी कुठेच नव्हती.

२०२४ मध्ये सुमारे २१ लाख भारतीय थायलंडला गेले. चीन आणि मलेशियानंतर तिसरा नंबर आपला. यातले बहुतेक लोक देवळं, बेटं आणि खरेदी करून परत येतात. पण वॉकिंग स्ट्रीटवर हिंदी बोलणारे दलाल उगाच उभे राहत नाहीत. आणि थायलंडला जाऊन आलेल्या प्रत्येकाकडे संशयाने बघणंही चुकीचंच.

हे सगळं तिकडचं, असं वाटत असेल तर गोवा आठवा. १९९१ मध्ये मडगावात फ्रेडी पीट्स या माणसाला अटक झाली. तो निराधार मुलांसाठी आश्रम चालवायचा आणि तिथली मुलं परदेशी पर्यटकांच्या हवाली करायचा. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली, आणि २००३ मध्ये गोव्याने मुलांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. तेव्हा पर्यटक बाहेरचे होते आणि मुलं आपली होती. आपल्याला राग कुणाचा आला होता? त्या मुलांचा नक्कीच नाही.

मग प्रवासात असं काही समोर आलं तर करायचं काय?

पहिलं, फोटो आणि रील काढू नका. त्या मुलीच्या गावात, तिच्या मुलाच्या शाळेत तो व्हिडिओ पोहोचू शकतो. 'फक्त बघायला' म्हणून शोचं तिकीट काढणं हेही त्या धंद्याचं गिऱ्हाईक होणंच आहे.

दुसरं, अनोळखी बाईला 'तू इथं का आलीस' असं विचारून तिची सुटका करायला जाऊ नका. ती ड्यूटीवर असते, मालक बघत असतो.

तिसरं, मूल अल्पवयीन वाटलं किंवा जबरदस्तीचा संशय आला तर स्वतः भिडू नका. जागा, वेळ, सोबतच्या माणसाचं वर्णन लक्षात ठेवा आणि कळवा. थायलंडमध्ये टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५ आहे आणि तिथल्या सामाजिक विकास खात्याची हेल्पलाइन १३००. भारतात मुलांसाठी १०९८.

चौथं, आपल्या कायद्याबद्दल. भारतीय न्याय संहिता भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्यालाही लागू होते. तिकडे केलं ते तिकडेच राहतं, हा समज चुकीचा आहे.

घरी आल्यावर आठवडाभराने मी बाबांना विचारलं, "तुम्ही गेला होता तेव्हा वॉकिंग स्ट्रीटवर गेला होता का?"

ते पेपर वाचत होते. थोडा वेळ गेला.

"सगळ्यांनाच नेलं होतं. कंपनीचा माणूस एका बारमध्ये घेऊन गेला. अर्धा तास बसलो असेन. समोर नंबर लावून पोरी उभ्या केल्या होत्या, आपल्याकडे बैलबाजारात उभं करतात तसं. मला नाही बसवलं. मी आणि सोनवणेकाका बाहेर येऊन नारळपाणी पीत बसलो. बाकीचे कधी आले, माहीत नाही."

"मग हे घरी कधी सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलंच नाही," बाबा म्हणाले.

तुमच्या घरातलं कुणी जाऊन आलं असेल, तर डोळा न मिचकावता एकदा विचारून बघा.