खडकपूर्णेपाशी अडवलेला ठराव

27 जुलै 1978 रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव मंजूर केला. शरद पवार मुख्यमंत्री होऊन तेव्हा दहा दिवसही झाले नव्हते. वय अवघं सदतीस. त्या ठरावाचं फळ दिसायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला, आणि तेही पुरतं नाही.

मी वरवट बकालची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. आमचं गाव विदर्भातलं. इथल्या मुलांच्या पदवीवर तेव्हा नागपूर विद्यापीठाचं नाव असे. तरी त्या ठरावाच्या बातमीनं आमच्या मोहल्ल्यात हुरूप आला होता, कारण औरंगाबाद आम्हाला लांबचं नव्हतं. बाबासाहेबांनी 1950 साली तिथं महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद म्हणून नावाजलं. विद्यापीठ आलं त्यानंतर आठ वर्षांनी, 1958 मध्ये. विदर्भातल्या कितीतरी गरिबांची पोरं मिलिंदमध्ये शिकून आली. ज्या माणसानं त्या मातीत उच्च शिक्षणाचं बी टाकलं, त्याचं नाव तिथल्या विद्यापीठाला मिळणं माझ्या बाला अगदी साधं, रास्त वाटत होतं. बा म्हणे, “कायदा करनाऱ्या सभेनं हो म्हटलं, आता कोन नाही म्हनते?”

नाही म्हणणारे होते. ठराव होताच मराठवाड्यात दंगली पेटल्या. दलित वस्त्या जाळल्या, विहिरी नासवल्या, हजारो माणसं घर सोडून पळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना ठार मारलं. विरोधकांमध्ये गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे निजामाविरुद्ध लढलेले नेतेही होते. ‘मराठवाडा’ या नावाशी आमची अस्मिता जोडलेली आहे, असं ते सांगत. ही भावना खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण त्या अस्मितेच्या नावाखाली जी घरं जळली ती कुणाची होती, ते सगळ्यांना दिसत होतं. आणि सरकारनं काय केलं, तर ठराव बाजूला ठेवला.

माझी नाराजी इथून सुरू होते. दंगल थांबवण्यासाठी सरकारनं चार पावलं मागं घेणं मी समजू शकते. जीव वाचवणं आधी. पण शांतता आल्यावर तरी ठराव अमलात यायला हवा होता. तो आला नाही, तेव्हा गावोगावच्या दांडग्यांनी जे शिकायचं ते शिकून घेतलं. विधिमंडळानं केलेलं आपण काडी लावून थांबवू शकतो, हे त्यांना कळलं. संख्येनं कमी असणाऱ्यांसाठी याहून घातक दुसरं काही नाही. 2011 च्या जनगणनेत राज्यात बौद्ध सुमारे 5.8 टक्के. गावात मूठभर घरं, आणि रोजगार दुसऱ्यांच्या कपाशीत. अशा माणसाला कायद्याशिवाय कुणाचा आधार असतो?

11 नोव्हेंबर 1979 ला प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. थंडीत, पायी, औरंगाबादच्या दिशेनं. मागणी एकच होती, झालेल्या ठरावाची अंमलबजावणी. आमच्या बुलढाणा जिल्ह्याला दोन पूर्णा नद्या आहेत. एक आमच्याकडची, खारपाण पट्ट्यातून तापीकडे जाणारी. दुसरी दक्षिणेची खडकपूर्णा, गोदावरीच्या खोऱ्यातली. मोर्चा त्या खडकपूर्णेपाशी पोहोचला, तेव्हा पोलिसांनी तो अडवला. लाठ्या चालल्या, हजारोंना अटक झाली.  

बा मोर्चाला जाऊ शकला नव्हता. कापूस वेचणीचे दिवस होते आणि मजुरी बुडवणं परवडणारं नव्हतं. पण जाऊन आलेल्यांकडून त्यानं सगळं ऐकलं. त्याला लाठ्यांपेक्षा वेगळीच गोष्ट लागली. मुख्यमंत्री तेच होते. ज्यांच्या कारकिर्दीत ठराव झाला, त्यांच्याच कारकिर्दीत तो मागायला निघालेल्यांना नदीकाठी अडवलं गेलं. बाला पवारांबद्दल फार आशा होती. तरुण आहे, फुले-आंबेडकरांचं नाव घेतो, बहुजनांत फिरतो, हा शब्द पाळेल, असं तो चारचौघांत सांगे. त्यानंतर तो बोलायचा थांबला.

1980 च्या फेब्रुवारीत पवारांचं सरकार बरखास्त झालं. अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण, पुन्हा पवार, सुधाकरराव नाईक. खुर्चीवर माणसं बदलली, ठराव जागचा हलला नाही. नोव्हेंबर 1993 मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी याच मागणीसाठी स्वतःला जाळून घेतलं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, संक्रांतीच्या दिवशी, परत मुख्यमंत्री झालेल्या पवारांनी निर्णय जाहीर केला. जुनं नाव कायम ठेवून त्याच्या आधी बाबासाहेबांचं नाव जोडायचं: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ.

काही जण मला सांगतात, बाई, राजकारणात तडजोड करावीच लागते. मला ते मान्य आहे. बाबासाहेबांनीही केली होती. 24 सप्टेंबर 1932 ला येरवड्यात गांधीजींच्या उपोषणाच्या दडपणाखाली त्यांनी स्वतंत्र मतदारसंघ सोडले आणि 148 राखीव जागा घेतल्या. पुढे त्यांनी त्या कराराबद्दल कडक शब्दांत लिहिलं. पण त्या कागदावर सही त्यांची स्वतःची होती. ज्यांचं जाणार होतं, त्यांचा माणूस समोर बसून काय द्यायचं, काय घ्यायचं ते बोलला होता. 1994 च्या नावात ज्यांची घरं जळली त्यांना कुणी विचारलं? मला तरी ती तडजोड जाळणाऱ्यांची समजूत काढण्यासाठी केलेली दिसते, आणि तिची किंमत आमच्या वाट्याला आली.

पवारांबद्दल अन्याय होऊ नये म्हणून हेही लिहिते. इतर मुख्यमंत्र्यांनी जे टाळलं, ते अखेर त्यांनीच केलं. त्याच 1994 साली त्यांच्या सरकारनं महिला धोरण आणलं, आणि शिक्षिका म्हणून मी त्याचं मोल जाणते. 1995 च्या निवडणुकीत काँग्रेसची सत्ता गेली. नामविस्ताराचा रागही त्यात होता असं अनेक जण मानतात. त्यांनी जोखीम घेतली, यात शंका नाही. फक्त ती 1979 मध्ये घेतली असती, तर मधले किती मृत्यू टळले असते, हा प्रश्न मला सोडत नाही.

बा नामविस्ताराची बातमी ऐकून एवढंच म्हणाला, “देलं, पन वाटून देलं.” वाटणी खरोखर पुढेही झाली. 17 सप्टेंबर 1994 ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. नांदेड, परभणी, लातूरकडची महाविद्यालयं तिकडे गेली. अंतर लांब पडतं, हे कारण खरंच होतं. त्या भागातल्या मुलांची सोयही झाली. पण पोचीराम कांबळे टेंभुर्णीचे आणि गौतम वाघमारे नांदेडचे. ज्या नावासाठी त्यांचा जीव गेला, ते आज त्यांच्या जिल्ह्यातल्या पोरांच्या पदवीवर छापलं जात नाही.