चालत्या घराची विजेची खातेवही

प्रवास आणि हिशेब या दोन गोष्टी व्यापारी मनुष्याच्या पाचवीलाच पुजलेल्या असतात. आपल्या पांढुर्णा-सौसरकडील कुटुंबे पूर्वी यात्रेस निघाली, म्हणजे शिधा, भांडी, पाणी गाळण्याचे वस्त्र आणि अंथरूण-पांघरूण असा सारा संसार बरोबर घेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा सौसरसह स्वतंत्र जिल्हा झाला. रस्तेही आता रुंद झाले. वरूड-मोर्शीच्या वाटेने मुक्तागिरी अथवा नागपूरवरून रामटेक येथे जाऊन दर्शन घेऊन परतणे आज सुलभ आहे. परंतु शिखरजीसारख्या दूरच्या यात्रेत वृद्ध मंडळी बरोबर असली, की शुद्ध आहार, औषधे आणि विश्रांती यांची चिंता पडतेच. यास्तव मोटारीतच निजण्याची, स्वयंपाकाची व दिव्यापंख्याची सोय करून घेण्याकडे आता कल होऊ लागला आहे. महाराष्ट्र शासनाने तर २०२१ साली अशा कॅराव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणच आखले. आमच्या कुटुंबानेही अशी एक गाडी सज्ज केली आहे. तिच्या छपरावरील सोलर प्लेटा आणि आतील लिथियम बॅटरी यांची व्यवस्था कशी ठेवावी, हे आमच्या व्यापारी बंधुभगिनींपुढे मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम बॅटरीची जात ओळखली पाहिजे. लिथियम बॅटरी बाजारात आली ती १९९१ साली. तिच्यामागील संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चालत्या घरास योग्य असा तिचा प्रकार म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेट होय. गुडइनफ यांच्यासमवेत पाढी व नंजुंडस्वामी या भारतीय नावांच्या संशोधकांनी १९९७ मध्ये तो जगापुढे मांडला, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. हा प्रकार उष्णतेने सहसा भडकत नाही. शिसे-आम्लाची जुनी बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केली की तिचे आयुष्य घटते. ही मात्र ऐंशी टक्क्यांपर्यंत सुखाने वापरता येते आणि नीट राखल्यास दोन-तीन हजार वेळा भरता-रिकामी करता येते. किंमत अधिक खरी, पण टिकाऊपणाने भागिले असता सौदा वाईट नव्हे.

तथापि या गुणी वस्तूस एक मोठा अवगुण आहे, आणि प्रस्तुत लेखाचे प्रयोजनही तोच आहे. ती आपली शिल्लक चेहऱ्यावर दाखवीत नाही. जुनी बॅटरी थकली की दिवा मंद होई, पंखा हळू फिरे. घरातील माणसे समजून घेत. लिथियम बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, जवळजवळ सपाट राहतो. बारा व्होल्टच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटरीत ३.२ व्होल्टची चार घरे असून एकंदर दाब १२.८ भरतो. ती पाऊण भरलेली असो वा पाव, दोहोंत जेमतेम दोन-तीन दशांश व्होल्टचा फरक. आपल्याकडील कणगीच्या खालच्या तोंडातून धान्य काढीत राहिले, तर बाहेरून कणगी जशी भरलेलीच दिसते, तद्वत् ही गोष्ट आहे. तळ लागला की एकदम लागतो.

काही बंधू म्हणतात, "आत बीएमएस आहे, मग चिंता कशास?" बीएमएस म्हणजे बॅटरीतील संरक्षक यंत्रणा. ती अवश्य असावी. परंतु ती रखवालदार आहे, मुनीम नव्हे. कोठार रिकामे झाले की ती दार लावून घेते, इतकेच तिचे काम. मध्यरात्री दार लागले तर सारी गाडी क्षणात अंधारात बुडते आणि शीतपेटीही बंद पडते. त्या पेटीत एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचे इन्शुलिन असेल तर? न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, आणि आपल्या प्रांतातील वैशाख सर्वांच्या परिचयाचा आहे. म्हणून हा प्रश्न केवळ सुखसोयीचा राहत नाही.

यावर उपाय एकच: वही ठेवावी. बॅटरीच्या ऋण टोकास शंट नावाचे मोजमापाचे साधन बसवितात. आत किती वीज आली आणि बाहेर किती गेली, हे ते अखंड मोजते व शिल्लक दाखविते. हाच आपला रोजमेळ. आमच्या गाडीचे खाते नमुन्यादाखल देतो.

मुद्दल: २०० अँपिअर-तासांची बॅटरी, म्हणजे सुमारे २.५ युनिट. त्यातील ९० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंतचाच भाग आम्ही खर्चास मोकळा मानतो; तो सुमारे १.८ युनिट होतो. उरलेला राखीव निधी होय.

जमा: छपरावर ४०० वॅटच्या प्लेटा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्यांतून सुमारे १.३ युनिट पदरात पडतात. दाट ढग असता ०.४ युनिटही कठीण.

खर्च: शीतपेटीस ०.६, दोन पंख्यांस ०.५, दिवे, मोबाइल व पाण्याचा पंप मिळून ०.१५, एकूण १.२५ युनिट. येथवर मेळ बसतो. परंतु इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, तरी तो स्वतःसाठी तासाला १५ वॅट-तास खातो, दिवसाचे ०.३६ युनिट झाले. ही घरातील गळती होय. बारा व्होल्टवर चालणारे पंखे-दिवे घ्यावेत आणि इन्व्हर्टर गरजेपुरताच लावावा. एवढ्यानेच तोट्यातील खाते बरोबरीस येते.

स्वयंपाकाचे गणितही येथेच पाहावे. दहा लिटर पाणी उकळण्यास वीज वापरली, तर जवळजवळ एक युनिट लागते, म्हणजे जवळजवळ दिवसाची सारी मिळकत. उकळलेले पाणी पिणाऱ्या कुटुंबांनी ते काम गॅसवरच करावे. सिलिंडर मात्र बॅटरीपासून दूर, हवेशीर कप्प्यात बांधलेला असावा. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याची आपली रीत येथे उपकारक ठरते. मिक्सर, छोटा भातकुकर ही कामे उन्ह असतानाच होतात आणि रात्रीचा भार शीतपेटी व पंख्यांपुरताच राहतो.

ढगाळ दिवसाचे काय? जमा ०.४ आणि खर्च १.२५ असता रोज ०.८५ युनिटची तूट येते, १.८ युनिटची शिल्लक दोन दिवसांत संपते. चातुर्मासात दर्शनास निघणाऱ्यांनी हा आकडा ध्यानी धरावा. इंजिनावरून बॅटरी भरता येते, पण सरळ तार जोडू नये. लिथियम बॅटरी हावरेपणाने प्रवाह ओढते आणि गाडीचा अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवावा. ३० अँपिअरचा चार्जर दोन तासांच्या प्रवासात सुमारे ०.८ युनिट देतो, म्हणजे एका दिवसाची तूट भरून निघते. धर्मशाळेत मुक्काम असेल, तर व्यवस्थापकांच्या अनुमतीने तेथील विजेवरही बॅटरी भरून घ्यावी.

शंटची वहीसुद्धा हळूहळू चुकते. म्हणून पंधरवड्यातून एकदा बॅटरी पूर्ण भरावी. त्यायोगे चारही घरे समपातळीस येतात आणि शिल्लक शंभरावर मिळविता येते. तिजोरीतील रोकड मोजून वहीशी ताळा पाहावा, तसेच हे.

ऋतूंचीही नोंद हवी. शून्य अंशाखाली ही बॅटरी कदापि भरू नये. आत लिथियमचा धातुरूप थर बसून ती कायमची खराब होते. हिमालयाकडे जाणाऱ्यांनी पहाटे हे विसरू नये. आपल्याकडील भय उलट आहे. बंद गाडी मे महिन्यात भट्टीसारखी तापते, आणि ४५ अंशांपुढील उष्णता बॅटरीचे आयुष्य खाते. प्लेटांस ऊन हवे, बॅटरीस सावली. म्हणून ती इंजिनापासून दूर, आसनाखाली, हवा खेळेल अशी ठेवावी. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर बॅटरी निम्मी भरून सर्व भार तोडावेत. तुडुंब भरलेली बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. कापूस व धान्याच्या हंगामातील धूळ प्लेटांवर साचते. ती सकाळी पाण्याने धुवावी.

खरेदी करताना स्वस्ताईस भुलू नये. २०२२ मध्ये देशात विजेच्या दुचाकींना आगी लागल्या आणि शासनास चाचणीचे नियम कडक करावे लागले. धन टोकाजवळ योग्य फ्यूज, जाड तारा आणि पक्के बिल या तिन्ही गोष्टी असाव्यात. गाडीच्या रचनेत बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची अनुमती घ्यावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये तिच्याविना असा बदल करता येत नाही. बॅटरी निकामी झाल्यावर भंगारात फोडू देऊ नये. २०२२ च्या नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.

असो. सूर्य कोणास बिल पाठवीत नाही, हे खरे. परंतु फुकट आलेल्या मालाचीही आवक-जावक लिहून ठेवावी, ही आपल्या पेढ्यांची जुनी शिकवण आहे. सायंकाळी पाच मिनिटे काढून घरातील एखाद्या मुलाकडून अथवा मुलीकडून जमा, खर्च व शिल्लक लिहवून घ्यावी. त्याने मुलांस हिशेबाचे वळण लागेल आणि घरच्या वडीलधाऱ्यांस रात्री स्वस्थ झोप लागेल.