सामना टीव्हीवर, कसोटी हृदयाची

29 जून 2024 ची रात्र ज्यांनी टीव्हीसमोर काढली, त्यांना वेगळे सांगायला नको. बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा हव्या होत्या आणि सहा गडी हातात होते. शेवटच्या षटकात सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला आणि गल्लीगल्लीत आरोळी उठली. भारत 7 धावांनी जिंकला. त्या अर्ध्या तासात कित्येकांचे तळहात ओले झाले, तोंडाला कोरड पडली, छाती धडधडू लागली. खुर्चीत बसल्या बसल्या हे झाले कसे?

आपली मूत्रपिंडे आहेत ना, त्यांच्या टोकावर दोन लहान ग्रंथी असतात. मन उत्तेजित झाले की त्या अ‍ॅड्रिनॅलिन हा स्राव रक्तात सोडतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, हृदयाला जास्त प्राणवायू लागतो. मैदानावरच्या खेळाडूचेही हेच होते. पण त्याचे हृदय वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार झालेले असते. आपण मात्र भजी खात बसलेलो असतो.

निरोगी माणसाने याची धास्ती घेऊ नये. चार माणसांत बसून सामना पाहण्याचा आनंद मनाला चांगलाच. प्रश्न आहे तो ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत त्यांचा. 2006 साली जर्मनीत फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा म्युनिक परिसरातील डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या तक्रारी एरवीच्या अडीच पटींहून अधिक झाल्या. पुरुषांत तर तिपटीहून जास्त. सर्वाधिक रुग्ण सामना सुरू झाल्यापासून पहिल्या दोन तासांतले होते आणि जवळजवळ निम्म्यांना हृदयविकार असल्याचे आधीच ठाऊक होते. विशेष म्हणजे, जर्मनी जिंकली त्या दिवशीही हे प्रमाण वाढले. म्हणजे दोष पराभवाच्या दुःखाचा नव्हे, ताणाचा!

परंतु माझ्या अनुभवात ताणापेक्षाही घातक ठरते ती एक सवय. 'एवढा सामना संपू दे, मग बघू.' माझ्या एका साठीच्या रुग्णाला शेवटची षटके चालू असताना छातीत जडपणा आला, डावा हात भरून आला. घरच्यांनी गॅस समजून सोडा दिला. गृहस्थ दीड तासाने दवाखान्यात आले. त्यांना तातडीने जिल्ह्याच्या गावी हलवले, जीव वाचला. पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला. आज एक मजला चढताना त्यांना दोनदा थांबावे लागते. झटक्यानंतर हृदयाचे स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतात. पहिला तास सोन्याचा, तो सामन्यापायी घालवू नये.

हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह असणाऱ्यांनी एवढे पाळावे :

* रात्रीची गोळी सामना सुरू होण्यापूर्वी घ्यावी. उत्साहाच्या भरात ती हमखास राहते.
* विडी, सिगारेट, तंबाखू, मद्य पूर्ण वर्ज्य. खारट-तळलेले बेताने, जेवण वेळेवर.
* दर षटकामागे जमेल तेव्हा उठून चार पावले टाकावीत. धडधड वाढली तर खुशाल बाहेर जाऊन बसावे. निकाल शेजारी सांगतीलच.
* एकट्याने पाहू नये. आपल्याला काय त्रास आहे हे सोबतच्यांना ठाऊक असावे.

छातीत दडपण, हात-जबडा-पाठीत कळ, दरदरून घाम, दम लागणे, यांपैकी काहीही झाले तर ताबडतोब बसावे. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ठेवावी. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर 108 ला फोन करावा. स्वतः स्कूटर काढू नये. मधुमेह्यांना कळ जाणवतेच असे नाही, नुसता घाम आणि थकवा असला तरी दुर्लक्ष करू नये.

आणि घरातल्या मंडळींनो, सामना ऐन रंगात असताना आजोबा एकाएकी गप्प झाले, तर धावफलक सोडून एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहा. हुकलेला झेल दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतात.