लढवय्या मांजरांची टोळी वाळवंटात राहायला गेली, तर तिचे रीतिरिवाज कसे असतील?

मांजर हा काही हुकूम ऐकणारा प्राणी नाही. कुत्र्याला हाक मारली की तो धावत येतो. मांजर एक कान हलवतं आणि पुन्हा झोपी जातं. आता या प्राण्याची फौज उभी करायची, तिला सरदार द्यायचा, कायदे द्यायचे, बारशापासून मयतापर्यंतचे विधी द्यायचे, असं कुणी ठरवलं तर?

तर ते जगभरातली पोरं डोक्यावर घेतात. २००३ मध्ये 'इन्टू द वाइल्ड' हे इंग्रजी पुस्तक आलं आणि त्यातून 'वॉरियर्स' नावाची मालिका सुरू झाली. तिचे वाचक नुसतं वाचून थांबले नाहीत. ते स्वतःच्या मांजरटोळ्या तयार करतात. नकाशे आखतात, चित्रं काढतात, नियम लिहितात. कुणाची टोळी बर्फात राहते, कुणाची बंदरावर, तर कुणाची थेट वाळवंटात.

यातली वाळवंटातली टोळी सगळ्यात अवघड. कारण मूळ गोष्टीतले नियम झाडी, झरे आणि भरपूर उंदीर असलेल्या जंगलात जन्माला आलेत. ते उचलून वाळूत ठेवले की एकेक नियम नव्यानं तपासावा लागतो.

मुळात ही भानगड काय आहे?

पुस्तकावर लेखिकेचं नाव असतं एरिन हंटर. पण या नावाची कुणी एक बाई नाही. हे टोपणनाव आहे. सुरुवातीला त्यामागे केट कॅरी, चेरिथ बाल्ड्री आणि कथानकं रचणाऱ्या व्हिक्टोरिया होम्स होत्या, पुढे आणखी लेखक आले.

गोष्ट साधी आहे. रस्टी नावाचं एक पाळीव मांजर घर सोडून जंगलात जातं आणि थंडरक्लॅन नावाच्या टोळीत सामील होतं. जंगलात अशा चार टोळ्या असतात आणि प्रत्येकीचा स्वभाव तिच्या जमिनीवरून ठरलेला असतो. थंडरक्लॅन झाडीत उंदीर आणि खारी मारते. रिव्हरक्लॅनची मांजरं चक्क पोहतात आणि मासे पकडतात. विंडक्लॅन मोकळ्या माळावर सशांच्या मागे धावते. शॅडोक्लॅन दलदलीत बेडूक आणि सरड्यांवर जगते.

नावाची पद्धतही ठरलेली. पिल्लाच्या नावापुढे 'किट' लागतं. सहा चंद्र, म्हणजे साधारण सहा महिने झाले की ते शिकाऊ होतं आणि नावात 'पॉ' येतं. शिक्षण संपलं की सरदार त्याला लढवय्याचं नाव देतो आणि ती पहिली रात्र त्यानं एक शब्दही न बोलता पहारा द्यायचा असतो. पुढे तो स्वतः सरदार झाला तर नावात 'स्टार' येतं आणि पूर्वजांकडून नऊ आयुष्यं मिळतात. रस्टीचा असाच फायरपॉ होतो, मग फायरहार्ट आणि शेवटी फायरस्टार.

या सगळ्यांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे लढवय्यांची आचारसंहिता. पोट भरण्यापुरतीच शिकार करायची आणि तिच्यासाठी पूर्वजांचे आभार मानायचे. पौर्णिमेच्या रात्री टोळ्यांनी भांडण बाजूला ठेवून एकत्र जमायचं. म्हाताऱ्यांना आणि पिल्लांच्या आयांना आधी खायला घालायचं. २००९ मध्ये आलेल्या 'कोड ऑफ द क्लॅन्स' या पुस्तकात तर प्रत्येक नियमामागचा प्रसंग सांगितला आहे. म्हणजे नियम आकाशातून पडले नाहीत. काहीतरी चुकलं, कुणाचा तरी जीव गेला, आणि मग नियम झाला. वाळवंटाची टोळी तयार करायची चावी नेमकी इथेच आहे.

पहिली अडचण : वाळवंटात टोळी असेलच कशाला?

आफ्रिकेतलं सहारा, अरबस्तान, इराण आणि मध्य आशियाच्या वाळवंटात एक खरंखुरं रानमांजर राहतं. त्याला वाळूमांजर म्हणूया. शास्त्रीय नाव फेलिस मार्गारिटा. १८५८ मध्ये व्हिक्टर लोश या फ्रेंच अभ्यासकानं त्याची नोंद केली आणि मार्गेरित नावाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याच्या नावावरून त्याला हे नाव दिलं. वजन जेमतेम दीड ते साडेतीन किलो, म्हणजे आपल्या घरातल्या मनीएवढं किंवा तिच्याहून कमी.

हे मांजर एकटं राहतं. कारण वाळवंटात अन्न विखुरलेलं असतं. एका टेकाडामागे एक उंदीर, दुसरा कुठे तरी लांब. दहा मांजरं एकत्र फिरली तर दहाही उपाशी राहतील. मांजरं गोळा होतात ती अन्न एका जागी मिळतं तिथे. मासळी बाजारात किंवा बंदरावर मांजरांचे घोळके दिसतात ते यामुळेच. अशा ठिकाणी नात्यातल्या माद्या एकमेकींची पिल्लंसुद्धा पाजतात.

म्हणून वाळवंटातल्या टोळीला एकत्र राहायला कारण लागतं. ते कारण एकच असू शकतं, पाण्याची जागा. एखादं मरूद्यान, तिथली खजुराची झाडं, पडलेल्या खजुरावर येणारे उंदीर, पाण्यावर उतरणारे पक्षी. जंगलातल्या टोळीचा जीव तिच्या हद्दीत असतो, वाळवंटातल्या टोळीचा जीव त्या एका पाणवठ्यात असेल. पाणवठा आटला की टोळी फुटली. ही भीती मनात ठेवली की पुढचे सगळे रिवाज आपोआप सुचायला लागतात.

वाळूनं शिकवलेले रिवाज

खऱ्या वाळूमांजराच्या अंगात काही सोयी असतात. कल्पनेतल्या टोळीत त्यांच्याच रीती होतील.

*पाणी प्यायची रीत.* वाळूमांजर बराच काळ पाण्याशिवाय राहू शकतं, कारण लागणारं बहुतेक पाणी त्याला शिकारीच्या मांसातून मिळतं. मग टोळीत धडधाकट लढवय्यानं पाणवठ्यावर तोंड लावणं कमीपणाचं मानलं जाईल. 'तू तुझं पाणी धावून मिळव' असं त्याला ऐकवलं जाईल. पाणवठा राहील आजारी मांजरांसाठी, म्हाताऱ्यांसाठी आणि दूध पाजणाऱ्या आयांसाठी.

*पिल्लांचा पहिला धडा.* रात्री अंगावर उजेड पडला की वाळूमांजर जमिनीला चिकटून बसतं आणि डोळे मिटून घेतं. डोळे चमकत नाहीत, त्यामुळे वाळूच्या रंगाचं ते मांजर समोर असूनही दिसत नाही. पिल्लांना मात्र हे जमतंच असं नाही. एप्रिल २०१७ मध्ये पँथेरा या संस्थेच्या अभ्यासकांना मोरोक्कोतल्या सहारात रात्री गाडीतून परतताना तीन पिल्लं दिसली, ती अंधारात डोळे चमकल्यामुळेच. तेव्हा टोळीतला पहिला धडा शिकारीचा नसेल, डोळे मिटून गप्प बसण्याचा असेल. तो येईपर्यंत पिल्लाला बिळाबाहेर पाऊल टाकता येणार नाही.

*पाऊल न उमटवणं.* या मांजराच्या तळपायांवर दाट लांब केस असतात. त्यामुळे तापलेल्या वाळूचा चटका कमी बसतो आणि पाऊल रुतत नाही. माग काढणाऱ्याला ठसेही नीट सापडत नाहीत. जंगलातली टोळी हद्दीवर आपली खूण ठेवते. वाळवंटातली टोळी खूण न ठेवण्यात मोठेपणा मानेल.

*शिकार पुरून ठेवणं.* पुस्तकातल्या टोळ्यांमध्ये ताज्या शिकारीचा ढीग तळाच्या मधोमध असतो. वाळवंटात असा ढीग दुपारपर्यंत सडेल. वाळूमांजर उरलेली शिकार वाळूखाली पुरून ठेवतं. म्हणून इथे ढिगाऐवजी खड्डे असतील आणि कुठला खड्डा कुणी भरला हे लक्षात ठेवणारं एक म्हातारं मांजर असेल. जंगलात म्हातारी मांजरं गोष्टी सांगतात. इथे म्हाताऱ्याची आठवण म्हणजे टोळीचं कोठार.

*सापाची परीक्षा.* वाळूमांजर सरडे आणि किडे खातं, जर्बिलसारखे वाळवंटी उंदीर मारतं, तसे आपल्या फुरशाच्या जातकुळीतले विषारी सापही मारतं. लढवय्या होण्याची परीक्षा कुठली, हा प्रश्न इथे आपसूक सुटतो. पण शहाणी टोळी एकट्या शिकाऊला सापासमोर सोडणार नाही. एक पोर गमावणं तिला परवडणारं नसतं.

*पौर्णिमेची सभा.* मूळ गोष्टीत पौर्णिमेला तह असतो, कारण पूर्वज आकाशातून बघत असतात. वाळवंटात याला आणखी एक कारण मिळतं. चांदणं पडलं की वाळवंटातले बरेच उंदीर उघड्यावर यायचं टाळतात, कारण उजेडात ते शत्रूला दिसतात. म्हणजे त्या रात्री शिकार तशीही कमी मिळणार. सभा घ्यायची तर हीच रात्र बरी.

*हाक.* नर वाळूमांजर मादीला बोलवताना मोठ्यानं, कुत्र्याच्या भुंकण्यासारखा आवाज काढतं. मोकळ्या रानात जोडीदार मैलभर लांब असू शकतो, तिथे म्याव पोहोचत नाही. टोळीत ही हाक संकटासाठी राखून ठेवलेली असेल आणि विनाकारण हाक देणाऱ्याला शिक्षा असेल.

उंट आणि फेट्याचा मोह

वाळवंट म्हटलं की डोळ्यांसमोर उंट, फेटे, तंबू आणि खंजीर येतात. मग मांजराच्या डोक्यावरही फेटा चढतो. दिसायला झकास, पण त्यातून टोळीबद्दल काहीच कळत नाही. एखाद्या माणसांच्या समाजाचा पोशाख मांजराला घातला म्हणजे मांजराची संस्कृती तयार होत नाही. उलट त्या माणसांची नक्कल तेवढी होते.

फ्रँक हर्बर्ट यांनी १९६५ च्या 'ड्यून' या कादंबरीत वेगळा रस्ता घेतला होता. तिथल्या वाळवंटी फ्रेमेन लोकांमध्ये कुणासमोर थुंकणं हा अपमान नाही, आदर आहे. अंगातलं पाणी दुसऱ्यासाठी खर्च केलं, असा त्याचा अर्थ. एका रिवाजातून त्या जगात पाण्याची किंमत काय आहे हे वाचकाला कळतं. मांजरांच्या टोळीलाही हीच कसोटी लावता येते. हा रिवाज मोडला तर कुणाचं नुकसान होईल? उत्तर 'कुणाचंच नाही' असेल, तर तो रिवाज नुसती सजावट आहे.

ज्यांना टोळी भारतात वसवायची आहे त्यांना वाळूमांजर मिळणार नाही, ते आपल्याकडे आढळत नाही. पण थरच्या वाळवंटात अंगावर काळे ठिपके असलेलं वाळवंटी रानमांजर आहे. ते आपल्या घरातल्या मांजराच्या फार जवळचं. २००७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या आनुवंशिक अभ्यासानुसार जगभरातली पाळीव मांजरं पश्चिम आशियातल्या रानमांजरांपासून आली. थरचं मांजर त्यांच्याच भाऊबंदांपैकी. घरातलं मांजर पाणी कमी पितं आणि लघवी घट्ट करतं, तो या कोरड्या मुलखाचा वारसा आहे. थोडक्यात, मांजराला वाळवंटात नेणं म्हणजे त्याला माहेरी नेण्यासारखं आहे.

आधी कोण खाणार?

आता सगळ्यात अवघड नियम. म्हाताऱ्यांना आणि आयांना आधी खायला द्यायचं. जंगलात हा नियम चांगुलपणाचा वाटतो, कारण वाट पाहणाऱ्या लढवय्यालाही थोड्या वेळानं काहीतरी मिळणारच असतं. वाळवंटात दुष्काळ पडला आणि दिवसाला एकच उंदीर मिळाला तर? तो म्हाताऱ्याला दिला तर शिकार करणारं मांजर उद्या उठणार नाही. शिकाऱ्याला दिला तर उद्या टोळी जिवंत राहील, पण आज तिनं आपलं माणूस टाकलं.

याला एकच बरोबर उत्तर नाही आणि म्हणूनच वाळवंटाची टोळी रंगते. एखादी टोळी म्हणेल, म्हाताऱ्यानंच आपला घास शिकाऊच्या पुढे सरकवायचा आणि त्याचं नाव पुढच्या पिल्लाला द्यायचं. दुसरी म्हणेल, नियम म्हणजे नियम, दुष्काळात मोडला तर तो नियमच नव्हता. तिसऱ्या टोळीत एखाद्या रात्री हद्दीबाहेरचं तहानलेलं मांजर पाणवठ्यावर येईल आणि पहारेकऱ्याला ठरवावं लागेल, हाकलायचं की पिऊ द्यायचं.

बारा-तेरा वर्षांची पोरं वहीत मांजरं रंगवताना या प्रश्नापाशी येऊन थांबतात. जवळ थोडंच असेल तेव्हा आपलं कोण आणि परकं कोण, हे त्यांना ठरवावं लागतं. म्हणून ज्यांना अशी टोळी तयार करायची आहे, त्यांनी नावं आणि रंग नंतर ठरवले तरी चालेल. आधी पाणवठ्यात पाणी किती आहे ते लिहावं, मग टोळीत मांजरं किती आहेत ते. या दोन आकड्यांचा मेळ बसला नाही की रिवाज तयार व्हायला लागतात.