ठिबकच्या तोट्या बुजल्या? आधी कारण ओळखा, मग उपाय करा



उन्हाळा तोंडावर आला की ठिबकच्या तक्रारी सुरू होतात. पंप चालू, विहिरीला पाणी, तरी ओळीतली चार झाडे सुकलेली. पाहावे तर तोट्या बुजलेल्या! अशा वेळी घाईने आम्ल आणून नळ्यांत सोडू नका. तोटी कशाने बुजली ते आधी पाहा.

नळीचे शेवटचे टोक उघडा. आत पांढरा, खरखरीत थर असेल तर तो चुना. हिरवट-तपकिरी, बुळबुळीत गाळ असेल तर ते शेवाळ व जिवाणू. दोन्हींचा उपाय वेगळा आहे.

चुना येतो कोठून? पावसाचे पाणी हवेतला व मातीतला कार्बन डायऑक्साइड वायू घेऊन किंचित आम्लधर्मी होते. जमिनीत मुरताना ते चुना विरघळवून विहिरीत आणते. हेच जड पाणी. यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही. उन्हाने नळी तापली की वायू निघून जातो आणि चुना खाली बसतो. बंबात पांढरी खपली धरते ती अशीच.

चुन्यावर उपाय हायड्रोक्लोरिक आम्लाचा. आम्लातल्या हायड्रोजनमुळे चुन्याचे पाणी, वायू व विरघळणारा क्षार बनतो आणि थर सुटतो.

१) बादलीत मोजून १० लिटर पाणी घ्या. थोडे थोडे आम्ल टाकून सामू ४ वर येईपर्यंत किती लागले ते लिहून ठेवा.
२) त्याच प्रमाणात आम्लाचे पाणी व्हेंचुरीतून संचात सोडा व शेवटच्या तोटीपर्यंत पोचू द्या.
३) संच २४ तास बंद ठेवा. मग टोके उघडून स्वच्छ पाण्याने धुवा.

शेवाळावर हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. पाण्याच्या कणात हायड्रोजनचे दोन अणू व ऑक्सिजनचा एक. पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजनचा एक अणू जादा असतो. तो सुटा होऊन बुळबुळीत थर नष्ट करतो; मागे उरते ते पाणीच. मात्र याने चुना विरघळत नाही, हे ध्यानात ठेवा. मात्रा डब्यावर छापल्याप्रमाणेच घ्या.

आता जिवाची काळजी. नेहमी पाण्यात आम्ल टाका, आम्लात पाणी कधीही ओतू नका. ते उसळून अंगावर येते. रबरी हातमोजे व चष्मा घाला. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल कधीही एकत्र करू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू जीव घेऊ शकतो. पेरॉक्साइड मूळ डब्यातच, सावलीत ठेवा. दुसऱ्या घट्ट बाटलीत भरले तर आत वायू साठून बाटली फुटते. आम्ल व पेरॉक्साइड एकमेकांत मिसळू नका, दोन्ही मुलांच्या हाती लागू देऊ नका. डोळ्यांत थेंब गेला तर निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा व लगेच दवाखाना गाठा.

आणि शेवटचे: गाळणी वेळच्या वेळी धुवा, पंधरवड्यातून एकदा नळ्यांची टोके सोडा. पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. म्हणजे ऐन उन्हात पीक तहानलेले राहणार नाही.