बीटल्सचा गिट लॉग

ॲपवर बीटल्सचं गाणं लावलं की नावापुढे दिसतं ‘रिमास्टर्ड 2009’. पण मुळात ते रेकॉर्ड कधी झालं? वाजवलं कोणी? हे बघायला मी मार्क लुइसन यांचं ‘द कम्प्लीट बीटल्स रेकॉर्डिंग सेशन्स’ उघडतो. 1988 सालचं पुस्तक. लुइसननी ॲबी रोड स्टुडिओतल्या मूळ टेप्स ऐकून 1962 ते 1970 चं काम तारीखवार, टेकनुसार मांडलंय. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, गिट लॉगच!

आता 11 फेब्रुवारी 1963 बघा. पहिल्या अल्बममधली 10 गाणी एकाच दिवसात. ‘ट्विस्ट अँड शाउट’ मुद्दाम सगळ्यात शेवटी, कारण सर्दी झालेल्या लेननचा घसा त्यानंतर चाललाच नसता. म्हणजे ती खरखर इफेक्ट नाही, दिवसभराचा थकवा आहे.

आणि ‘द इनर लाइट’? त्याचं वाद्यसंगीत जानेवारी 1968 मध्ये आपल्या मुंबईत, भारतीय वादकांनी वाजवलंय. आवाज नंतर लंडनला चढला. प्लेलिस्टमध्ये मात्र फक्त ‘बीटल्स’. अशी नोंद नसेल, तर वादकांचं श्रेय पुसलं जातं.

पुस्तक सलग वाचू नका. आवडतं गाणं ऐका, त्याची तारीख काढा, वाचा, मग परत ऐका. फरक कळेल!